रिकामे डबे परतताना

सटवाजीने रिकामा डबा पुढे केला आणि शिवरुद्राचे हात कमरेशीच राहिले.

भरलेला डबा जाताना काही अडचण आली नव्हती. तो शिवरुद्राने सवयीने भुईवर ठेवला, सटवाजीने सवयीने उचलला आणि पाणी पुढे गेले. पण परभणीहून आलेले दिनकरराव सकाळपासून घसा कोरडा करून सांगत होते, की डबा या हातातून त्या हातात गेला पाहिजे, मध्ये कुठे टेकता कामा नये. सटवाजीने ते मनावर घेतले असावे. सरकारी माणूस एवढे सांगतो तर त्यात काही तरी असेलच, असे त्याला वाटले असावे. त्याने डबा शिवरुद्रासमोर धरला, आणि विहिरीपासून वखारीपर्यंत उभी असलेली सगळी माणसे माना वळवून बघू लागली.

शिवरुद्राने नजर खाली घातली. सटवाजीला काय ते कळले. त्याने डबा भुईवर ठेवला आणि तो मागे सरला.

"हं, इथे तुटली बघा साखळी," दिनकरराव म्हणाले. "पुन्हा एकदा."

पुन्हा एकदा झाले, आणि पुन्हा तिथेच अडले. या खेपेला सटवाजीने डबा पुढे केलाच नाही. तो आपणहून वाकला.

लढाईचे दिवस होते. जपान्याची विमाने कुठवर आली याच्या बातम्या पिंगळीच्या टेसनावरून गावात पोचेपर्यंत चांगल्या फुगलेल्या असत. अशात दवंडी झाली, की हवाई हल्ला झाला तर रयतेने काय करावे याची तालीम सरकार फुकट देणार आहे, सर्वांनी हजर राहावे. फुकट म्हटल्यावर गावाला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. सरकार जे घेते ते गावाला माहीत होते. सरकार काही देते म्हणजे मागाहून काय येणार, याचाच घोर लोकांना लागला. चंद्रभान तर दिनकररावांच्या तोंडावर म्हणाला, "साहेब, इमान एवढं लांबून इंधन जाळून येणार, ते आमच्या म्हशीवर बाँब टाकायला व्हय?"

लोक हसले. दिनकररावही हसले. खाकी कपड्यातला, गळ्यात शिट्टी अडकवलेला तो माणूस तसा भला होता.

"बाँबची आग आणि बिडीची आग, पाणी दोन्हीला एकच लागतं," ते म्हणाले. "विमान नाही आलं तर उत्तमच. आग मात्र येतेच."

हे ऐकून गावात एकट्या शिवरुद्राने वळून वखारीकडे पाहिले. त्याच्या वखारीत कापूस भरलेला होता. एरवी संक्रांतीनंतर गाड्या जुंपल्या की शिमग्याच्या आत वखार झाडून मोकळी व्हायची. यंदा वॅगनी लढाईच्या कामाला गेल्या होत्या. जिनिंगवाल्याने निरोप धाडला होता, की इथेच माल पडून आहे, तुमचा तुमच्याकडेच राहू द्या. राहू दिला. ऊन चढायला लागले, कापूस वाळून फुलला, आणि शिवरुद्राची झोप उडाली. गावची बरीचशी रास उधारीवर घेऊन त्याच वखारीत ठेवलेली होती. कापूस गेला तर आपण तर जाऊच, पण गावाला वर्षभर तोंड काय दाखवायचे, हे त्याला सुचत नव्हते. रस्त्याने कुणी बिडी ओढत गेले तरी त्याची नजर त्या माणसाचा पिच्छा सोडत नसे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसे त्याचे झाले होते.

म्हणून गावाने फुकटची तालीम थट्टेवारी नेली, तरी शिवरुद्राने ती अंगावर घेतली. डबे त्याचेच. रॉकेलचे रिकामे डबे गोळा करून त्याने सुताराकडून त्यांना लाकडी दांड्या ठोकून घेतल्या. वखार गावाच्या अगदी कडेला, विहीर मधोमध. एवढी लांब ओळ गावातल्या गड्यांनी पुरी होईना, तेव्हा गावकुसाबाहेरच्या सटवाजीला त्याच्या भाऊबंदांसकट बोलवावे असे त्यानेच सुचवले. वखारीला सगळ्यात जवळ घरे त्यांचीच. विहिरीकडून गावचे लोक, वखारीकडून सटवाजीचे लोक, आणि दोन्हींच्या मध्ये गावच्या बाजूचा शेवटचा माणूस शिवरुद्र स्वतः. माल आपला, तेव्हा अवघड जागी आपणच उभे राहावे, असा त्याचा साधा हिशेब होता. जागा खरोखर किती अवघड आहे, ते सटवाजीने डबा पुढे केल्यावर त्याला कळले.

त्या दिवशी तोडगा किशनराव पाटलांनी काढला. पाटील विहिरीच्या काठावर, रहाटापाशी उभे होते. ते म्हणाले, "डबा भुईवर ठिवायचा. भुई इटाळ ओढून घेती. ठिवणाऱ्यानं मागं सरायचं, मग उचलणाऱ्यानं उचलायचा. आन डबा काय हिरीत बुडवायचा न्हाई, पोहऱ्यानं वरून वतायचं. मंग कुनाचं काय बिघडतंय?"

कुणाचे काही बिघडत नव्हते. सटवाजी शेजारच्याला हळू आवाजात म्हणाला, की शेतातल्या मोटेचं चामडं आमच्याच हातचं, तिच्या पाण्यावर समदं गाव जगतंय. शिवरुद्राला ते ऐकू आले. त्याने ऐकले नाही असे दाखवले.

दिनकरराव शिट्टी बोटांत फिरवत राहिले. "पाटील, तुमचं गाव, तुमची रीत. मी नोकर माणूस. पण एक सांगून ठेवतो. कवायतीत हात जे करतो, तेच आगीत करतो. म्हणून तर कवायत."

"छ्या," पाटील म्हणाले. "घरं पेटल्यावर कोन बगतंय ह्ये? टायमाला मानूस समदं इसरतंय."

शिवरुद्राला पाटलांचे म्हणणे पटले. पटवून घ्यावेसे वाटले म्हणा.

पण रात्री पाठ टेकली की तो सटवाजीचा पुढे आलेला डबा त्याला दिसायचा. पहाटे आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून तो पूजेला बसे, गळ्यातले लिंग तळहातावर घेई, आणि त्याचे ध्यान वखारीकडे जाई. उठून तो वखारीचे कुलूप ओढून बघे. परत येई. पुन्हा जाई. त्याची बायको सिद्धम्मा चुलीपाशी बसून हे रोज बघत होती.

"कुलूप हाय तिथंच हाय," एकदा ती म्हणाली. "कामून तळमळायलाव?"

"डबे साचतेत," तो म्हणाला. "माझ्यापाशी येऊन डबे साचतेत. पानी पुढं जातंय, पन रिकामे डबे मागं जाईनात. मंग हिरीवर भरायला डबाच ऱ्हाईना."

सिद्धम्माने भाकरी उलटली. "मंग हातात घ्या की."

"गाव बघायलं व्हतं."

"मठातले सामी पुराण सांगताना काय सांगत्यात? भक्ताला जात न्हाई म्हून. तुमीच तर मान डोलवताव."

पुराणात मान डोलवणे वेगळे आणि गावासमोर हात पुढे करणे वेगळे, हे बायकोला सांगायची त्याला लाज वाटली. ओसरीवर त्याचा धाकटा भाऊ वीरुपाक्ष सुपारी कातरत बसला होता. त्याचा अडकित्ता थांबला.

"वैनी, तसलं काई सांगू नका अण्णाला," तो म्हणाला. "गौरीचं सोनपेठला जमत आलंय. पाव्हणे लय कडक हायेत. उद्या कुनी कानाला लागलं तर पोरीचं काय?"

गौरी वीरुपाक्षाची मुलगी. दोन्ही भावांच्या मिळून घरात तेवढीच लेक. शिवरुद्राच्या अंगाखांद्यावर वाढली होती. विषय तिथेच मिटला.

दिनकरराव गेले, तरी शिवरुद्राने कवायत थांबू दिली नाही. बाजाराचा दिवस सोडून तो लोकांना बोलवी, दुपारी सगळ्यांना गुळाचे पाणी देई. चंद्रभान म्हणे, आप्पाच्या कापसाला आग लागो न लागो, आमचे खांदे तर गेलेच. पण येत असे. सारेच येत. हळूहळू हात बसला. कुणी कुणाला हाक मारायची गरज उरली नाही. पोहरा वर यायचा, डबा भरायचा, आणि वीरुपाक्षाच्या हातातून शिवरुद्राच्या हातात यायचा. तिथे तो भुईवर टेकायचा. शिवरुद्र मागे सरायचा, सटवाजी पुढे यायचा. रिकामा आला की सटवाजी ठेवून मागे सरायचा, शिवरुद्र पुढे यायचा. सुरुवातीला त्यात अडखळायला व्हायचे. पुढे पुढे ते मागेपुढे होणे इतके सफाईने होऊ लागले, की बघणाऱ्याला तो कवायतीचाच भाग वाटावा. गाव खूश होते. एवढ्या मागेपुढे होण्यात रिकामे डबे मात्र तरीही साचत होते. एखाद-दुसरा, पण साचत होते. शिवरुद्राशिवाय ते कुणी बघत नव्हते, आणि तोही कुणाला दाखवत नव्हता.

एकदा कवायत उरकल्यावर सगळे पांगले, तेव्हा तो सटवाजीला म्हणाला, "आग लागली तर असं करत बसायचं न्हाई बरं का. सरळ हातात द्यायचा."

सटवाजी डोक्याचे मुंडासे सोडून तोंड पुसत होता. त्याने पुसून घेतले, मुंडासे पुन्हा बांधले.

"तुमी म्हनताल तसं, आप्पा," तो म्हणाला.

एवढ्यावर शिवरुद्राने समाधान मानले. त्या रात्री त्याला जरा बरी झोप लागली.

वैशाखात शेतकरी पेरणीआधी शेतातली धसकटे पेटवून देतात. दरवर्षीचेच काम. भर दुपारी कुणाच्या तरी शेतातून वावटळ उठली, जळता पाचोळा घेऊन गावावर आली आणि वखारीपुढच्या कडब्याच्या छपरावर बसली. शिवरुद्र जेवत होता. धुराचा वास आला तेव्हा घास हातात होता. तो कुठे ठेवला हे त्याला नंतरही आठवले नाही.

तो पोचला तेव्हा छप्पर धडधडून पेटले होते, आणि ओळ उभी होती. त्याने कुणाला बोलावले नव्हते. पाटील धोतर खोचून रहाटावर होते, त्यांच्यामागे इतर, मग चंद्रभान, मग वीरुपाक्ष. पलीकडे सटवाजी आणि त्याचे लोक आगीच्या अगदी तोंडाशी. मध्ये त्याची स्वतःची जागा तेवढी मोकळी होती. लोकांनी ती धरून ठेवली होती. तो धावत जाऊन तिथे उभा राहिला.

डबे यायला लागले. भरलेला आला, भुईवर गेला, सटवाजीने उचलला. रिकामा आला, भुईवर आला, शिवरुद्राने उचलला. हात आपोआप चालत होते. छप्पर कोसळले आणि विझत आले. पण वखारीला दोन खण होते. पहिल्या खणाचे दार पेटले, आत कापूस धुमसायला लागला. कापसाची आग दिसत नाही, आतून खात जाते. दुसऱ्या खणाच्या भिंतीवर पाणी मारत राहिले तर तो खण वाचणार होता. न थांबता मारले तरच.

"डबे," विहिरीकडून पाटील ओरडले. "डबे येऊ द्या."

शिवरुद्राने पायाशी पाहिले. रिकामे डबे साचले होते. त्याने भराभर मागे दिले. तोवर आणखी आले.

"सटवाजी, हातात दे," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

सटवाजीने डबा भुईवर ठेवला आणि तो मागे सरला.

"आरं, हातात दे म्हनलं की."

"ठिवलाय बगा, आप्पा. उचला."

"आग लागली, दिसना का तुला?"

"दिसायली की." सटवाजीच्या भुवया करपल्या होत्या, अंग धुराने काळेठिक्कर झाले होते. आवाज मात्र साधा होता, बाजारात बोलावे तसा. "आग हाय तवर तुमी घेताल, आप्पा. इझल्यावर गाव आमालाच इचारल."

रागाने बोलला असता तर शिवरुद्राने सहन केले असते. तो रागावला नव्हता. माहीत असलेली गोष्ट सांगत होता, एवढेच. शिवरुद्राने वळून विहिरीकडे पाहिले. पाटलांनी एक शब्द टाकला असता तर झाले असते. टायमाला माणूस सगळे विसरतो म्हणणारे पाटील काही विसरलेले दिसत नव्हते. त्यांनी ऐकले होते. ओळीत सगळ्यांनीच ऐकले होते. पाटील रहाटाकडे तोंड करून दोर ओढत राहिले.

पुढचा रिकामा डबा आला. सटवाजी वाकायच्या आत शिवरुद्र पुढे झाला आणि त्याने तो त्याच्या हातातून ओढून घेतला. ओल्या बोटांना ओली बोटे लागली. बाकी काही झाले नाही. इतके दिवस तो ज्याला भीत होता ते झाले, आणि काही झाले नाही, याचे त्याला त्या धुरातही नवल वाटले. अंगात एकदम बळ आल्यासारखे झाले. आता थांबायचे कारण नव्हते, आता दुसरा खण वाचणार होता. तो डबा घेऊन वळला.

वीरुपाक्षाचे हात इतका वेळ पुढे होते. ते त्याने मागे घेतले.

एकाच ताटात जेवून मोठे झालेले दोघे भाऊ. वखार दोघांची, आत जळत होता तो कापूस दोघांचा. वीरुपाक्षाचा चेहरा धुराने काळवंडला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते धुराचे होते की कसले, कळत नव्हते.

"घे ना," शिवरुद्र म्हणाला.

"अण्णा," वीरुपाक्ष अगदी हळू म्हणाला, मागच्या चंद्रभानलाही ऐकू जाऊ नये असे. "खाली ठिवा."

शिवरुद्र डबा धरून उभा राहिला. त्याला गौरी आठवली, सोनपेठचे पाहुणे आठवले, आणि भावाचा राग करावा तर तोही त्याला करता येईना. काल त्या जागी आपण उभे असतो तर आपणही हेच केले असते, हे त्याला पुरते ठाऊक होते. त्याने मागे पाहिले. सटवाजी पुढचा डबा घेऊन तयार होता. त्याने सगळे पाहिले होते. दुसऱ्याच्या घरात कुणाचा पाणउतारा झाला की परका माणूस जसा दाराबाहेर बघतो, तसा तो आगीकडे बघायला लागला.

"डबे," पाटील पुन्हा ओरडले.

शिवरुद्राने वाकून डबा भुईवर ठेवला. वीरुपाक्षाने तो लगेच उचलला नाही. तो थांबला होता. कशासाठी थांबला ते शिवरुद्राला क्षणभर उमगले नाही, आणि मग उमगले. तो मागे सरला. तेव्हा त्याच्या भावाने डबा उचलला आणि चंद्रभानच्या हातात दिला.

शिवरुद्र वळला. त्याने सटवाजीपुढे दोन्ही हात केले.

या वेळी सटवाजीने डबा त्याच्या हातात दिला.